साक्ष नसलेला माणूस

शमुवेलमामा पाटोळे यांच्या आयुष्यात वाईट असं काही घडलंच नव्हतं आणि या गोष्टीचं त्यांना अतोनात दुःख होतं.

हे दुःख कळायला आमच्या चर्चची एक रीत सांगायला हवी. रविवारी उपासनेत गाणी झाली, प्रार्थना झाली की पाळकसाहेब विचारतात, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" मग कुणीतरी उठतं आणि देवाने आपल्याला कशातून बाहेर काढलं ते सगळ्यांसमोर सांगतं. कुणी दारूतून सुटलेला असतो, कुणी जुगारातून. कुणाचा ट्रक घाटात उलटलेला असतो आणि खरचटण्यावर निभावलेलं असतं. आकुर्डीच्या आमच्या मंडळीत नगर, जालना, बीडकडून कंपन्यांत पोटासाठी आलेली माणसं. त्यांनी खूप भोगलेलं, त्यामुळे साक्षींना तोटा नव्हता. कधी कधी तर पाळकसाहेबांना उपदेश आवरता घ्यावा लागे.

मामांकडे मात्र काही म्हणजे काही नव्हतं. आजोबा ख्रिस्ती झाले, वडील मिशनच्या शाळेत मास्तर, मामांचा स्वतःचा बाप्तिस्मा पाळण्यात. विडी नाही, तंबाखू नाही, शिवी नाही. एका कंपनीत इन्स्पेक्शनला लागले ते तिथूनच रिटायर झाले. लग्नाआधी कधी कुणाकडे नजर वर करून पाहिलं नाही आणि लग्नानंतर रूथमामींकडे पाहण्यातच जन्म गेला, असं ते म्हणत.

"माझ्याकडे कुठलं? ताटाकडे बघतात," मामी म्हणत.

ज्याला गाता येत नाही तो जसा गाण्याचा दर्दी होतो, तसे मामा साक्षींचे दर्दी झाले होते. गाताही त्यांना येत नव्हतंच, पण तिथे मात्र ते दर्दीपणावर न भागवता थेट गायचे. मी त्या चर्चमध्ये पेटी वाजवायचे आणि एरवी शाळेत भूगोल शिकवायचे. मामा एका पट्टीत सुरू करत, दुसरीत कडवं म्हणत आणि तिसरीत आमेन म्हणत. त्यांच्या मागे पेटी घेऊन धावताना माझी दमछाक होई आणि शेवटी तेच मला विचारत, "बाई, आज पेटी जरा इकडेतिकडे जात होती का?"

साक्ष सुरू झाली की मात्र ते पुढे सरकून बसत, डोळे मिटत, मान डोलवत. बाहेर चपला घालताना त्यांचा निकाल लागायचा. जन्मभर कंपनीत तयार झालेले जॉब तपासले होते, सवय जाते थोडीच. "माल ओके होता, फिनिशिंग कमी पडलं." किंवा, "गटाराचा प्रसंग शेवटी घ्यायला पाहिजे होता. आधीच गटारात पडला, मग पुढे काय राहिलं?" निगडीचे जॉनभाऊ पूर्वी अट्टल पिणारे. त्यांची साक्ष मामांनी निदान दहा वेळा ऐकली असेल, तरी दरवेळी रुमाल काढत. आणि मग हळूच म्हणत, "माणूस नशीबवान, राव. सांगायला काय एकेक आहे त्याच्याकडे!" जॉनभाऊंच्या बायकोला हे नशीब ऐकून काय वाटत असेल ते देव जाणे.

एकदा मात्र मामांनी धीर केला. पाळकसाहेबांनी विचारलं आणि मामा उठून उभे राहिले. रूथमामींनी मान वळवून पाहिलं.

"बंधुभगिनींनो," मामा म्हणाले, "मी एकदा निगडीहून भोसरीला बसने विनातिकीट गेलो."

सभा सावरून बसली.

"गर्दी फार होती. कंडक्टर माझ्यापर्यंत पोचलाच नाही. उतरल्यावर माझं मन मला खाऊ लागलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच बसने गेलो, दोन तिकिटं काढली आणि एक फाडून टाकलं. देवाचे आभार."

मामा बसले. सभा थांबून राहिली. मागच्या बाकावरून कुणीतरी "मग?" असंही विचारलं.

"मग काय? संपलं," मामा म्हणाले.

बाहेर आल्यावर त्यांनी घाईघाईने चपला घातल्या. मामी म्हणाल्या, "एवढंच होतं तर घरी सांगायचं. मी ऐकलं असतं." त्यात चेष्टा होती की माया, हे त्या नवरा-बायकोत कधी कुणाला ओळखू आलं नाही.

साक्षीची कसर मामा सेवेत भरून काढायचे. दर हिवाळ्यात आमच्या चर्चचा सेवादौरा निघायचा. चाकणच्या आसपास कामगारवस्त्यांतून छोट्या छोट्या मंडळ्या भरतात, कुठे भाड्याच्या खोलीत, कुठे गच्चीवर पत्रे टाकून. तिथे जायचं, त्यांच्याबरोबर उपासना करायची आणि हाताने काहीतरी काम करून द्यायचं. दौऱ्याचे प्रमुख कायम मामा. "सेवा द्यायची, घ्यायची नाही," हे त्यांचं ब्रीद. आता ज्या वस्तीत पाहुण्याला चहा घेतल्याशिवाय उठू देत नाहीत तिथे हे कसं चालावं? मामा हातात झाडू घेऊनच घरात शिरायचे आणि घरची बाई तो काढून घ्यायला धावायची. जेवताना ती वाढायला आली की मामा पातेलं ओढत, ती सोडत नसे. कुरुळीच्या वस्तीत या ओढाओढीत कालवण सगळं मामांच्या सदऱ्यावर आलं.

"झालं? मिळाली सेवा?" मामींनी विचारलं.

अशाच एका दौऱ्यात मामांनी नवी मंडळी शोधून काढली. चाकणच्या एमआयडीसीच्या कडेला गाळ्यांची एक रांग होती, त्यातल्या एका गाळ्यात ती भरायची. मामांनी बेत आखला की रविवारी उपासनेला हजर राहायचं आणि नंतर त्यांचा गाळा रंगवून द्यायचा. आम्ही सकाळीच रंगाचे डबे, ब्रश, पेटी, ढोलकी घेऊन पोचलो. बघतो तर सगळी शटरं बंद. माणूस औषधाला नाही. तिथल्या पाळकांचा फोन लागेना.

"येतील," मामा म्हणाले. "आपण तोवर कामाला लागू. आल्यावर त्यांना आनंद होईल."

पण गाळा कुठला? मामा रांगेवरून एक चक्कर मारून आले आणि एका गंजलेल्या शटरपाशी थांबले. त्यावर खडूने दोन रेघा एकमेकींवर मारलेल्या होत्या. "हाच," ते म्हणाले. "क्रूस काढलाय बिचाऱ्यांनी खडूने. रंगालाही पैसे नसतील." आम्ही हेलावलो आणि कामाला लागलो. दुपारपर्यंत शटर आभाळी निळं झालं. मग मामांनी पट्टीने रेघा आखून, पांढऱ्या रंगात, स्वतःच्या सुवाच्य अक्षरात त्यावर लिहिलं: 'थकलेल्यांनी आत यावे. येथे विसावा मिळेल.'

इतक्यात बुलेटवरून एक धिप्पाड गृहस्थ आला. गाडी स्टँडला लावायचंही त्याला सुचेना.

"आवं, कोन हाय तुमी? माझ्या शटरला ह्ये काय क्येलंय?"

तो तानाजीभाऊ, तिथल्याच गावचा. शेत कंपनीत गेलं, राहिलेल्या तुकड्यात त्याने फॅब्रिकेशनचा गाळा टाकलेला. खडूच्या रेघा त्याने स्वतः मारल्या होत्या, तिथे नवं कुलूप बसवायचं होतं म्हणून.

"चर्च पल्याडच्या गाळ्यात भरतंय," तो म्हणाला. "आन आज कुठलं? आज समदी डूटीवर हायती. त्यांचं बेस्तरवारी असतंय. हिकडं सुट्टी बेस्तरवारची, म्हाईत न्हाई व्हय?"

मामांनी डोक्याला हात लावला. ज्या माणसाने नोकरीभर गुरुवारची सुट्टी खाल्ली, त्याला चाकणच्या कामगारांची सुट्टी गुरुवारी असते हे शिकवायला तानाजीभाऊ लागावा! पण मामांचा देव रविवारचा होता. नोकरीत असताना ते रविवारी शिफ्ट सुटल्यावर डबा हातात घेऊनच संध्याकाळच्या उपासनेला पळत यायचे. लोक देवाचा दिवसच कंपनीच्या सुट्टीला नेऊन ठेवतील, हे त्यांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

शटर पुन्हा पहिल्यासारखं करून देतो, असं मामा म्हणाले. तानाजीभाऊने चारी बाजूंनी शटर पाहिलं आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. गंज तर झाकला." महिनाभराने मात्र त्याने तक्रार केली. "मामा, तुमच्या पाटीनं लई घोळ क्येलाय. पोरं कामावर येत्यात आन पाटी दावून बसत्यात."

त्या मंडळीला आम्ही मग गुरुवारी गेलो. मामांच्या आयुष्यात शेवटी काहीतरी घडलं ते त्या गुरुवारी.

पत्र्याचा गाळा, खाली सतरंजी, एका बाजूला बाप्ये, एका बाजूला बाया. निम्मे पुरुष रात्रपाळी करून तसेच आलेले. गाणी संपेपर्यंत पुढच्या ओळीत माना पडायला लागल्या होत्या. तिथले तरुण पाळक म्हणाले, "आता आकुर्डीहून आलेले आपले वडीलधारे शमुवेलमामा साक्ष देतील."

नाही म्हणायची सोय नव्हती. मामा उठले आणि बसचं तिकीट काढलं. भोसरीला पोचेपर्यंत पुढची ओळ पूर्ण झोपली. एकजण घोरायला लागला. मामा थांबले. त्यांनी त्या झोपलेल्या माणसांकडे पाहिलं. मी पेटीपाशी बसले होते, मला त्यांचा चेहरा नीट दिसत होता. परीक्षेत काहीच येत नसलेल्या मुलाचा चेहरा मी रोज पाहते, तसाच होता.

"बंधूंनो," मामा एकदम म्हणाले, "मी फार वाईट माणूस होतो."

घोरणं थांबलं.

"काय वाईट नव्हतो मी! दारू प्यायचो मी, दारू!"

एकेक मान वर झाली. आणि मग मामांना जे स्फुरलं ते मी आजतागायत विसरलेली नाही. जन्मभर ऐकलेल्या सगळ्या साक्षी त्यांच्या मदतीला धावल्या. जॉनभाऊंचं गटार आलं. जालन्याच्या एका भावाला भर चौकात कुत्रं चाटून गेलं होतं, ते कुत्रं आलं. बीडच्या ताईंच्या नवऱ्याने विकलेलं मंगळसूत्र आलं. आणि दर्दी माणसाची रचना, त्यामुळे गटार बरोबर शेवटी आलं. माणसं रडत होती. "आमेन, आमेन" असा गजर चालला होता. पुढच्या ओळीत एक काळासावळा, किडकिडीत माणूस मामांकडे टक लावून पाहत होता आणि मधूनच ओठ दाबून खाली बघत होता. मला वाटलं, फारच हललाय बिचारा.

बायांच्या बाजूला रूथमामी बसल्या होत्या, गळ्यात मंगळसूत्र घालून. ते त्यांनी पटकन पदराखाली सरकवलं. देवाच्या घरात, चारचौघांत, नवऱ्याला खोटा पाडायचा तर कसा? उपासना संपल्यावर बायांनी त्यांना घेरलं. कुणी मिठी मारली, कुणी पाठीवरून हात फिरवला. "लई सोसलंव माय तुमी." चहाचा पहिला कप मामींना मिळाला. त्यांनी तो घेतला आणि कपाच्या कडेवरून मामांकडे असं पाहिलं की मामांनी चहा नको म्हणून सांगितलं.

परतताना चाकणच्या चौकात नेहमीप्रमाणे आमची गाडी अडकली आणि मामी सुटल्या.

"माझ्या बापानं तुमच्यात बघितलं तरी काय होतं? जमीन नाही, रूप नाही. मुलगा निर्व्यसनी आहे, एवढं एक बघून दिली मला. आता तेवढंही राहिलं नाही!"

"अगं, लोक झोपले होते," मामा पुटपुटले.

"मग झोपू द्यायचे! रात्रभर मशीनवर उभे होते बिचारे."

"मन लावून ऐकत होते गं सगळे."

"ऐकतील नाही तर काय! पुढच्या गुरुवारी यायचं आणि सांगायचं, मी खोटं बोललो म्हणून. मी समोर बसणार आहे."

मामा तयार झाले. मुळात भित्रा माणूस. पुढच्या गुरुवारी दोघं गेले, माझ्या शाळेला सुट्टी होती म्हणून मीही गेले. मामा उठणार तेवढ्यात पाळकच उठले. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता. म्हणाले, "आपला बालाजी मागच्या गुरुवारी मामांची साक्ष ऐकून घरी गेला आणि त्या दिवसापासून त्यानं दारूला हात लावलेला नाही." आणि तो पुढच्या ओळीतला किडकिडीत माणूस येऊन मामांचे दोन्ही हात धरून उभा राहिला. बालाजी लातूरकडचा, एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये मशीन ऑपरेटर. त्याच्या पिण्यापायी बायको दोनदा माहेरी जाऊन आली होती आणि तिसऱ्यांदा गेली असती तर परत येणार नव्हती.

मामांनी मामींकडे पाहिलं. मामींनी जमिनीकडे पाहिलं. मामा उठलेच नाहीत.

इथून त्यांचे हाल सुरू झाले. खरं सांगावं तर बालाजीच्या पायाखालचा आधार निघून जाणार आणि तो पुन्हा गुत्त्यावर जाणार, ही भीती. न सांगावं तर देवाच्या घरात बोललेलं खोटं रोज उराशी घेऊन झोपायचं. बरं, बालाजी नुसता आभार मानून थांबला असता तर गोष्ट वेगळी. तो मामांना सल्ले विचारायला लागला. "मामा, सुरवातीला तुमचे हात कापायचे का?" "मामा, सांजच्याला लई वडायलंय, तुमी काय करत हुताव?" मामा काय करत होते? संध्याकाळी मामा दूध-पोळी खात होते.

मग मामांनी अभ्यास सुरू केला. ते जॉनभाऊंकडे गेले. ज्यांचं गटार उसनं घेतलं होतं त्यांनाच विचारायला लागले, "भाऊ, सोडताना नेमकं काय काय होतं?"

जॉनभाऊंनी मामांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मामा, या वयात?"

"माझ्यासाठी नाही हो!"

"सगळे असंच म्हणतात," जॉनभाऊ म्हणाले आणि त्यांनी मामांचा हात हातात घेऊन मोठी प्रार्थना केली. मामांनी ती मुकाट्याने करून घेतली आणि मग माहिती मिळवली. संध्याकाळी एकटं बसायचं नाही. खिशात फुटाणे ठेवायचे. जुन्या रस्त्याने घरी जायचं नाही. मामा हे सगळं बालाजीला स्वतःच्या अनुभवाचं म्हणून सांगत. एवढ्यावर भागलं नाही. बालाजीची पहिली शिफ्ट असली की मामा दुपारीच बस पकडून चाकणला जात, कंपनीच्या गेटबाहेर फुटाण्याची पुडी घेऊन उभे राहत आणि त्याला दुसऱ्या रस्त्याने घरापर्यंत पोचवून येत. त्या दुसऱ्या रस्त्यावर खड्डे इतके, की मामांचा गुडघा कायमचा गेला. बालाजीच्या घरी चहा मिळे. तो मात्र मामा निमूटपणे घेत. सेवा देण्याघेण्याबद्दल बोलायची त्यांची हिंमतच राहिली नव्हती. एखाद्या गुरुवारी उपासनेला मामीही बरोबर येत आणि गाळ्यात पहिला कप दर वेळी त्यांनाच मिळे.

आकुर्डीला मामा निम्मे झाले. साक्षी चालू असताना ते पुढे सरकेनात. बाहेर चपलांपाशी निकाल लागेना. आणि एक गोष्ट आम्हा सगळ्यांच्या लक्षात आली, पण बोलून कुणी दाखवली नाही. आमच्याकडे महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं, भाकरीचा एक तुकडा आणि इवल्याशा पेल्यात द्राक्षांचा रस. मनात काही सलत असेल तर माणसाने आधी ते निस्तरावं आणि मग घ्यावं, अशी समजूत. मामांसमोर ताट यायचं आणि मामा ते तसंच पुढे सरकवायचे. पाळण्यात बाप्तिस्मा झालेला हा माणूस महिनेच्या महिने उपाशी बसून राहायचा. मला ते बघवत नसे. मी पेटीच्या पट्ट्यांकडे पाहायचे.

रूथमामींचा आवाजही खाली आला. "मी त्यांना त्या दिवशी गाडीत फार बोलले," त्या एकदा मला म्हणाल्या. "खोटं बोलायचीसुद्धा सवय नाही हो त्यांना. सवय असती तर पचलं असतं."

पुढच्या हिवाळ्यात दौरा पुन्हा त्या गाळ्यात गेला. त्या गुरुवारी बालाजी पहिल्यांदाच साक्ष देणार होता आणि मामांनी शेजारी उभं राहावं अशी त्याची इच्छा होती. उपासनेला अवकाश होता. मी दारापाशी पेटी उघडून बसले होते. बाहेर पायरीवर मामांनी बालाजीला बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

"बालाजी, तू साक्ष देण्याआधी मला एक सांगायचंय. ऐकल्यावर तू मला मारलंस तरी चालेल, पण गुत्त्यावर जाऊ नकोस. एवढं वचन दे."

"काय बोलायलाव मामा?"

"मी दारू कधी प्यायलोच नाही रे. थेंबसुद्धा नाही. गटार जॉनभाऊचं आहे. कुत्रं जालन्याचं आहे."

माझे हात पेटीवर तसेच राहिले. बालाजी मान खाली घालून बसला होता. त्याचे खांदे हलायला लागले. मामा घाबरून पायरीवर बसले, त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बालाजीने मान वर केली तर तो हसत होता.

"मला म्हाईत हाय की मामा."

"काय माहीत आहे?"

"मी तर पयल्याच दिशी वळखलो. तुमी म्हनलाव, रोज दोन घोट घ्यायचो आन उरलेली बाटली कपाटात ठिवायचो. मामा, बेवड्याच्या घरी उरती व्हय दारू? मला आसं हसू आलं, तोंड दाबून बसलो बगा."

मामा त्याच्याकडे पाहतच राहिले. "मग सोडलीस कशी?"

"त्या दिशी घरी गेलो आन बायकोला सांगितलो. म्हनलो, आज एक म्हातारा आलता. चहाबी फुकून पीत आसंल आसला साधा मानूस. आमच्यात बसायला मिळावं म्हनून सोताला बेवडा म्हनवून घेतला. आन बाटली म्हनं कपाटात ठिवायचो! तर ती हसली. लई दिसांनी हसली मामा. मला वाटलं, उद्याबी आसंच घरी जावं. ती आजून हसंल." तो मामांकडे वळला. "मंग तुमी गेटवर फुटाने घिऊन उभारायला लागलाव. तुमाला बगून कसं पिऊ?"

"तुमच्यात बसायला मिळावं म्हणून नाही रे," मामा म्हणाले. त्यांना आता काहीच लपवायचं नव्हतं. "मोठेपणासाठी बोललो. लोक झोपले होते."

"तेबी म्हाईत हाय," बालाजी म्हणाला. "मीबी झोपलो हुतो."

उपासनेत बालाजीने साक्ष दिली. चार वाक्यांत संपली. त्यात गटार नव्हतं, काही नव्हतं. त्याच्या शेजारी उभे असलेले मामा मग पुढे झाले आणि सगळ्यांना म्हणाले, "मी आयुष्यात कधी दारू प्यायलो नाही. देवाच्या घरात उभं राहून मी तुम्हाला खोटं सांगितलं. मला क्षमा करा."

मग बायांच्या बाजूने एक म्हातारी म्हणाली, "आमाला ठावं हाय मामा. बालाजीच्या बायकूनं कवाच सांगितलंय समद्यांना. बसा आता."

रूथमामी तटकन वळल्या. "ठावं होतं? मग वर्षभर मला पहिला चहा कशाला देत होता?"

"यांच्यासंगं संसार करताव म्हनून," म्हातारी म्हणाली आणि सगळा गाळा हसला. मामीही हसल्या. पदर तोंडाला लावूनही त्यांना ते आवरेना.

त्यानंतर काही दिवसांतच माझ्या यजमानांची बदली झाली आणि आम्ही नागपूरला आलो. मामा गेले तेव्हा मला पोचता आलं नाही. मामींनी फोनवर सगळं सांगितलं, शेवटपर्यंत कसे गात होते तेही सांगितलं. मला त्यांची आठवण येते आणि आली की मी ढसढसा रडण्याऐवजी हसते, याचं मला वाईटही वाटत नाही. पण मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते त्या गुरुवारीच.

त्या दिवशी तिथे प्रभुभोजन होतं. ताट फिरत फिरत मामांपर्यंत आलं. मामांनी ते पुढे सरकवलं नाही. त्यांनी भाकरीचा तुकडा उचलला, मग तो इवलासा पेला दोन्ही हातांत धरला. एक घोट घेतला आणि ते थांबले, अर्धा रस उरला. पेला तसाच धरून ते बसून राहिले.

शेजारी बालाजी होता. तो त्यांच्या कानाशी वाकला, पण त्याचं कुजबुजणं सगळ्या गाळ्याला ऐकू गेलं.

"समदं घ्या मामा. उरवायचं न्हाई."

मामांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते तसेच मोठ्याने हसले आणि त्यांनी पेला रिकामा केला.